कर्जाचं कारण : मूल

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही दोघं लातूर-सोलापूरच्या दवाखान्यांत चकरा मारत होतो. त्यापायी माझे दागिने गेले, दोघांची शिल्लक संपली, पण खर्चाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. बेंबळीहून सासरे तर काही मेंढरं विकून पैसे घेऊन आले होते.

शेवटी आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. सरकारनं ठरवून दिलेली फी दवाखान्यातल्या उपचाराच्या एका खेपेपेक्षा कमी होती, शिवाय पक्की पावती. बेंबळीला जाऊन घरी सांगितलं.

"लेकरू इकत आणायचं?" सासरे म्हणाले. "त्यो काय जनावराचा बाजार हाय?"

"विकत नाही, मामा. आजवर त्याचं दूधपाणी, औषध कुणीतरी केलंच ना? त्याचे पैसे असतात."

"लई महाग हाय," म्हणत ते मेंढरांकडं निघून गेले.

मी कळंबला शाळेत शिकवते. आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेत लग्न, घर, मोटारसायकल, आजारपण, सगळ्याला कर्ज मिळायचं. मूल घरी आणायला तेवढं मिळत नव्हतं. तिथला कारकून भला माणूस.

"मॅडम, आजारपण लिहा. लगेच मंजूर होतंय."

"पण मी ठणठणीत आहे."

"मग मोटारसायकल?"

वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि सरळ मागणी केली.

"आज एकीला दिलं तर उद्या सगळेच मागतील," अध्यक्ष म्हणाले.

"मागू द्या की, सर. तेवढी लेकरं घरी येतील."

मागच्या बाकांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाची वेळ टळत चालली होती, म्हणूनही असेल, पण ठराव मंजूर झाला.

मुलगी घरी आली तेव्हा नुकती बसायला लागली होती. सासऱ्यांनी तिला कसंनुसं मांडीवर घेतलं. तिनं त्यांची मिशी धरून ओढली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बारशाला गावजेवण जाहीर केलं. मंडप, बुंदी, वर बँड.

"मामा, हे तर फीपेक्षा जास्त होतंय."

"तुला काय कळतंय? पयली नात हाय माझी."

बारशाच्या दिवशी बँडचा पहिला ठोका पडताच पोरगी दचकून रडायला लागली. सासरे धावत बाहेर गेले, बँडवाल्यांच्या हातावर ठरलेले सगळे पैसे ठेवले आणि म्हणाले, "आता एकबी ठोका वाजवू नका. जेवा अन् गुमान जावा."

बँडवाले पोटभर जेवून गेले.