दाभोळचा नव्हे, थेरगावचा

आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेले पहिले माणूस म्हणजे माझे धाकटे दीर ज्योतीराम. मुंबईला जाऊन बोटीवर आगवाले झाले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. बेचाळीस साली, लढाईत, त्यांची पत्रं थांबली ती थांबलीच. आमचे हे मुंबईच्या कचेरीत चौकशी करून आले. थेरगावचा असा खलाशीच नाही, म्हणाले तिथले लोक. "दुसरा घरोबा केला असंल," असं गावात आधी बोलले ती मीच. माझ्या जिभेला हाड नाही.

भावजींच्या मंडळी, माझ्या जाऊबाई सोजराबाई, मात्र रोज ठसठशीत कुंकू लावायच्या. चोपन्न साली बारा वर्षं भरली; एवढी वर्षं पत्ता नसला की माणूस गेला असंच धरतात. आता पळसाचा पुतळा करून पवनेकाठी दहन करायचं, असं भावकीनं ठरवलं.

"कसं गेलं ह्ये सांगणारा आणा, मग कुकू पुसते," सोजराबाई म्हणाल्या.

तो सांगणारा आमच्याकडेच खोली बघायला आला. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेला, जयगडचा धाकू. भिंतीवरचा फोटो बघून तो त्याच्यापाशी गेला. "हा तर आमचा ज्योतीराम! दाभोळचा!"

"दाभोळचा कशानं? थेरगावचा हाय त्यो," मी फटकारलं.

मग उलगडा झाला. बोटीवर माणसं भरणारा सारंग कोकणाबाहेरच्याला उभं करत नसे, म्हणून भावजींनी गाव दाभोळ सांगितलं होतं. कंपनीची तार दाभोळला गेली. धाकूही तिथं घरोघर विचारत फिरला, पण ओळखणार कोण?

सोजराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. धाकू त्यांना म्हणाला, "वैनी, बोट फुटली तेव्हा मी तापानं पडलो होतो. त्यानं मला पाठीवर घेऊन वर आणलं, होडीत बसवलं. खाली अजून दोघं होते. मी त्याचा हात धरला, तर म्हणाला, 'सोड, मी डोहात पोहलेला गडी आहे.' आणि परत खाली उतरला."

अशा माणसाला मी काय काय बोलले होते! मी सोजराबाईंचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. "आता करा पुतळा," एवढंच म्हणाल्या.

घाटावर गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. आमचे हे सांगत गेले. मग गुरुजी म्हणाले, "गाव?"

सोजराबाई पदरानं कुंकू पुसत बायकांतून पुढं आल्या.

"थेरगाव. मोठ्यानं म्हना, गुरुजी. लांब हायती ते, ऐकू गेलं पायजे."