उन्हात न दिसलेली आग

लाकडाला पॉलिश करणाऱ्याच्या अंगाला स्पिरिटचा वास येतोच. त्यात लाखेचा चपडा विरघळवायचा, कापडाच्या बोळ्याने लाकडावर फिरवायचा. स्पिरिट उडून जातं, चकाकी राहते आणि वास कपड्यांत मुरतो. एवढी साधी गोष्ट आमच्या नगरातल्या शहाण्यासुरत्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही. दारूबंदीच्या गप्पा सुरू झाल्यावर तर चेष्टेला ऊतच आला. आमचे हे जुम्म्याची नमाज न चुकवणारे, पण गल्लीतून निघाले की लोक मेले ह्यांना प्यालेला समजून नाकं मुरडायचे. हे नुसते हसायचे. मला मात्र धास्ती, या वासापायी माझ्या माणसाच्या नावाला डाग लागायचा.

एका व्यापाऱ्याच्या अंगणात लग्नाच्या कपाटाचं काम चाललं होतं. दुपारी मी भाकरी घेऊन गेले. स्पिरिटात पाणी घालून विकायची दुकानदारांना खोड, म्हणून हे आधी बशीत थोडं पेटवून बघायचे. स्पिरिट जळून जातं, पाणी असलं तर तळाला राहतं. पण त्याची ज्योत फिकट निळी, भर उन्हात दिसतच नाही. त्या दिवशी उघड्यावर काडी लावली तरी ह्यांना वाटलं, पेटलं नाही. म्हणून बाटलीतून आणखी ओतलं.

भक्कन आवाज झाला आणि हे बाही झटकत अंगणभर उड्या मारू लागले. ना धूर, ना जाळ. ओट्यावरची माणसं पोट धरून हसली. आज जरा जास्तच झालेली दिसतेय, असं तो व्यापारी म्हणाला. पेटलेत हो ते, म्हणून मी ओरडले, तरी एक जण जागचा हलला नाही. शेवटी रांजणाजवळची बादली मीच त्यांच्यावर उपडी केली.

उजवा हात कामातून गेला. बोटं आखडली, त्यांत बोळा धरता येईना. कपाट दुसऱ्याच कुणी पुरं केलं.

पुढे तो व्यापारी मोसंबी घेऊन आमच्या घरी भेटायला आला. "भाभी, आग दिसली असती तर धावलोच असतो की."

"आग दिसली नाही," मी म्हणाले, "माणूस तर दिसत होता ना?"

तो उठलाच. दाराबाहेर त्याचा सोबती उभा होता. त्याला सांगताना मी ऐकलं, अजून घरात वास येतोय बघ.

आतून ह्यांनीही ऐकलं. या खेपेला हसले नाहीत.