दत्ता उस्तादांची धून

पद्माकर नलवडे हट्टी होते, आणि त्या हट्टाला ते शिस्त म्हणत. पलटणीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला या दोहोंतला फरक सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या बायकोनं, कुसुमनं, तो नाद लग्नानंतर वर्षभरातच सोडला होता.

गडहिंग्लजकडचा हा गडी एकोणसाठ साली बेळगावला मराठा पलटणीत भरती झाला. छाती रुंद, दम दांडगा, म्हणून बँडात घातला आणि हातात बॅगपाइप दिला. काखेत कातडी मशक, खांद्यावर लांब नळ्या, बोटांखाली बासरीसारखा चँटर. बाजा मूळचा स्कॉटलंडच्या पलटणींचा. साहेब गेले, बाजा राहिला. घाटावरच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी त्यात असा काही जीव ओतला की ऐकणाऱ्याला तो परका आहे हे आठवूच नये.

बँडाचे मुख्य होते दत्ता उस्ताद. त्यांना लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. ते तोंडानं गात, पोरं बोटांनी उचलत. चुकलं की चँटरनंच बोटांवर फटका. पासष्टच्या लढाईत पलटणीतली अकरा पोरं गेली, तेव्हा उस्तादांनी स्वतः एक धून बांधली. दोन भागांची. पहिला भाग गेलेल्याचा आणि दुसरा परत फिरणाऱ्यांचा. दुसरा वाजल्याशिवाय कुणी घराकडं तोंड करायचं नाही, असा दंडक. ती धून त्यांनी पद्माकरला एकट्याला दिली आणि वर बजावलं, "ही मयताची आहे. समोर मयत असल्याशिवाय फुंकायची न्हाई. गुणगुणायची सुद्धा न्हाई. मोकळी सोडलीस तर मयत हुडकत दारात येईल." पद्माकरनं मान डोलावली आणि ती ताकीद अक्षरशः पाळली. धून शेवटची वाजवली ती अठ्ठ्याऐंशी साली, खुद्द उस्तादांच्या चितेपाशी. घरातल्यांपैकी ती ऐकली कुसुमनं, तेवढी एकदाच.

मुलगा जयंत जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये. दोन हजार चारपासून म्हातारा-म्हातारी दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याच्याकडे जाऊ लागली. नात अन्वी मराठी समजून घ्यायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची, त्यामुळे आजोबांचं बोलणं तसं खुंटलंच होतं. अशात एका शनिवारी बाजारपेठेत त्यांना पाइपचा आवाज आला. बघतात तो काय, गुडघ्यापर्यंतचे घागरे घातलेले बारा जर्मन! त्यांचा म्होरक्या योखेन हा दातांचा डॉक्टर. ऱ्हाइनकाठच्या ब्रिटिश छावणीतल्या स्कॉटिश सैनिकांकडून तो शिकला होता. पद्माकरनी हात पुढे केला, पाइप घेतला आणि वाजवला. बारा जणांनी त्यांना तिथंच तालमीचं आमंत्रण दिलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी शाळेच्या जिमखान्यात तालीम. पद्माकर भलतेच खुलले. दोन हजार सहा साली स्कॉटलंडच्या जुन्या पलटणी एकत्र करून एकच केली, तेव्हा योखेन सुतकी चेहऱ्यानं जयंतच्या घरी आला. "पलटणींची नावं गेली की धुनाही जातात," तो म्हणाला. जयंत दुभाषा. "हेर नलवडेंना उस्तादांची एक धून येते म्हणे, जी कुठेच लिहिलेली नाही. मला ती लिहून घ्यायचीय. एकदा वाजवली तरी पुरे."

"न्हाई जमणार," पद्माकर म्हणाले. "कोण मेलंय?"

योखेनला हसावं की नाही कळेना. तो चहा पिऊन गेला.

"अहो, सांगून टाका की त्याला," कुसुम म्हणाली. "पासष्ट वर्षांचं वय झालं तुमचं. तुमच्यासंगं जाईल ती. उस्तादांनी काय जाळायला दिली होती व्हय?"

"मुंडी गेल्यावर जाईल. आत्ता बोटांत आहे."

बोटांत आहे! सबंध आयुष्यात या माणसानं एवढी एकच गोष्ट न तपासता खरी मानली.

पुढल्या वर्षी, जुलैत, कुसुम सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता बसली ती उठलीच नाही. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. काही उपयोग झाला नाही. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. इथे माणूस गेलं की कागद आधी धावतात. जयंत एका आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, दुसऱ्या आम्टमध्ये फिरत होता, आणि स्मशानातल्या हॉलची वेळ मिळाली ती नवव्या दिवसाची. आमच्याकडे संध्याकाळच्या आत अग्नी देतात, आणि इथे कुसुम नऊ दिवस थंड पेटीत. पद्माकर जेवायला बसत आणि घास हातातच धरून राहत. त्यांना तिच्या पायांची काळजी वाटे. तिचे पाय कायम गार पडायचे.

"बाबा, एकदा सराव करून बघता का?" सून सुनेत्रानं भीत भीत विचारलं. "शेजाऱ्यांना मी सांगून ठेवते."

"ते समोर असल्याशिवाय फुंकायचं नसतं." कुसुमला 'मयत' म्हणायला त्यांची जीभ वळली नाही.

नवव्या दिवशी हॉलमध्ये वीसेक माणसं होती. जयंतच्या ऑफिसातले, दोन-तीन मराठी कुटुंबं, मागे योखेन आणि त्याची मंडळी, घागरे न घालता, काळ्या कोटांत. अर्ध्या तासाचा वेळ, बाहेर पुढचे लोक थांबलेले. सुनेत्रानं कुंडीतलं तुळशीचं पान पेटीवर ठेवलं. पद्माकरनी मशक काखेत दाबली आणि एकोणीस वर्षांनी ती धून लावली.

पहिला भाग आला. न अडखळता, सगळ्या मुरक्यांसकट आला. बोटं उस्तादांची झाली होती. पद्माकरना वाटलं, बघ कुसुम, आहे की नाही बोटांत? भाग संपला, शेवटचा सूर लांबला, आता वर चढायचं.

आणि वर काहीच नव्हतं.

कुठल्या सुरावर चढायचं, किती थांबायचं, डावं बोट आधी की उजवं, काही म्हणता काही सापडेना. पाटी पुसून कोरडी करावी तशी जागा मोकळी होती. मशकीत हवा होती, ती थांबू देत नव्हती, म्हणून त्यांनी पहिला भाग पुन्हा धरला. वाटलं, धावत आलो की उडी बसेल. बसली नाही. पुन्हा पहिला भाग. चार वेळा. चौथ्यांदा त्यांनी काखेतली हवा सोडून दिली. चूक पकडणारं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते पेटीत निजलं होतं. नळ्या कण्हून बंद झाल्या.

सगळे रडत होते. अन्वी त्यांना येऊन बिलगली. "शोएन, आजोबा," ती म्हणाली, "झेअर शोएन." छान, फार छान.

"बाबा, आईला पोचलं असेल ते," जयंत म्हणाला.

घरी गेल्यावर पद्माकरनी दार लावून घेतलं आणि रोज वाजवत राहिले. आता कशाची आडकाठी होती? जे यायचं ते येऊन गेलं होतं. साधा चँटर घेतला, डोळे मिटून घेतले, बेळगावचं मैदान आठवलं, उस्तादांचा आवाज आठवला, त्यांच्या मिशा आठवल्या. दुसरा भाग आठवला नाही. एकदा काहीतरी सापडल्यासारखं झालं. ती सिनेमातली चाल निघाली. तेव्हा ते तोंडात टॉवेल कोंबून रडले.

परतीच्या विमानाच्या दोन दिवस आधी योखेन आला. अंत्यविधीला त्यानं ध्वनिमुद्रण केलं होतं, परवानगी न घेतल्याबद्दल आधी माफी मागितली. मग चार कागद टेबलावर ठेवले. सगळी धून स्वरलिपीत उतरवलेली, वर उस्तादांचं नाव, खाली पद्माकरचं. तो म्हणाला, दरवर्षी नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या दिवशी आमचा बँड हीच वाजवेल आणि स्कॉटलंडला माझ्या मित्रांनाही पाठवतो. मग त्यानं कागदावर बोट ठेवून विचारलं, "एकच भाग आहे, पुन्हा पुन्हा येणारा. बरोबर ना? आणखी काही नाही?"

जयंतनं भाषांतर केलं. पद्माकरनी वाचता न येणारे ते कागद एकावर एक नीट रचले. सुनेत्रा चहा घेऊन आली, तशी दारात थांबली.

"या," पद्माकर म्हणाले. चार उन्हाळ्यांत शिकलेले जर्मन शब्द दोनच, 'हो' आणि 'अगदी बरोबर'. "गेनाऊ. एवढीच आहे."

आणि योखेननं दिलेल्या पेनानं त्यांनी कागदावर सही केली.