उत्तररंग रद्द

कासार आंबोलीचे समस्त ग्रामस्थ, शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे बंगलेवाले आणि पौड रस्त्याने जाणारे-येणारे सर्व पापी जन यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, परमेश्वराचा कोप आमच्या माडीवर राहतो. गेली कित्येक वर्षं राहतो. माडीवरच्या दोन खोल्या आम्ही एका निवृत्त शिक्षकाला भाड्याने दिल्या तेव्हा, दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि चिपळ्यांचा एक जोड एवढंच सामान दिसलं होतं. कोप नंतर उलगडला. आमचे हे भाडेकरू म्हणजे ख्रिस्ती कीर्तनकार. मूळचे नगरकडचे, अंगाने काडी, आवाजाने तोफ. सगळं गाव त्यांना बुवा म्हणतं.

ख्रिस्ती लोकांत कीर्तन असतं हे आमच्या आईला आधी पटेचना. "येसूचं कीर्तन? आन् चिपळ्या घिऊन?" पण पहिल्याच रविवारी पडवीत बसून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि निकाल दिला, "देव येगळा हाय, पन वरडायची तऱ्हा आपल्याच बुवावानी."

ओरडायला बुवांना रविवारच लागे असं नाही. परमेश्वराने इस्राएल लोकांना मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून सोडवून आणलं आणि त्यांनी त्याच्या उपकारांची फेड सोन्याचं वासरू पुजून केली, ही गोष्ट त्यांना कालच घडल्यासारखी लागत असे, आणि तिचा राग ते आज दिसेल त्याच्यावर काढत. गवळ्याने दुधात पाणी घातलं, की भर चौकात त्याला न्यायाच्या दिवसाचं सविस्तर वर्णन ऐकावं लागे. गवळीही आमच्या मुळशीचाच. किटलीवर कोपर टेकून तो सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "व्हय बुवा, जळंन मी. पन उद्याला दूध किती घालू त्येवढं सांगा." दुसऱ्या दिवशी थंडी असली तर हेच बुवा माडीवरून आत बायकोला ओरडत, "अगं, त्या पाप्याला चहा दे, कुडकुडतोय!"

एकदा पलीकडच्या बंगल्यात पुण्याची मंडळी मोठ्याने गाणी लावून नाचत होती. बुवांना तिथे वासरू दिसलं. उपरणं खांद्यावर टाकून ते न्याय सांगायला तरातरा निघाले. तासाभराने आले ते घामाघूम, हात काळे.

"काय झालं बुवा?" मी विचारलं.

"त्यांची गाडी चालू होईना. धक्का मारत होतो."

"आणि न्याय?"

"गाडी चालू झाल्यावर ते निघूनच गेले की हो!" बुवा हळहळले.

आता कीर्तनाविषयी. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. बुवांनी त्यांची वाटणी करून टाकली होती. पूर्वरंगात परमेश्वराचा न्याय, उत्तररंगात त्याची दया. वाटणी चोख होती, वेळेचा अंदाज मात्र साफ चुकलेला. पूर्वरंगात बुवा एकदा बेइमान इस्राएल लोकांच्या मागे लागले, की त्यांना वाळवंटातून, दुष्काळातून, परचक्रातून फिरवून आणेपर्यंत ऊन पडवीत येई. समोरची मंडळी म्हणजे उरवड्याच्या कारखान्यांत काम करणारी पाच-सहा कुटुंबं. कुणाची दुपारची पाळी, कुणाची बस, कुणाचं मूल भुकेलं. दयेची वेळ येईतो सतरंजी रिकामी. त्यामुळे उरवड्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती माणसांची अशी प्रामाणिक समजूत होती, की आपला देव अजून रागावलेलाच आहे.

दयेपर्यंत नियमाने पोहोचणारा माणूस एकटा मी. मी काही ख्रिस्ती नाही. मी आमच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. बुवांना पेटी लागे, मला निमित्त. म्हणून सांगतो, त्या माणसाचा उत्तररंग ऐकण्यासारखा होता. एका संदेष्ट्याची बायको त्याला सोडून दुसऱ्यांच्या मागे जाते. लोक म्हणतात, टाकून दे. आणि देव त्याला सांगतो, जा, तिला घरी आण, म्हणजे माझ्या लोकांपायी मला काय होतं ते तुला कळेल. इथे बुवांची तोफ एकदम बासरी होत असे. ऐकायला मी, काकू, म्हणजे बुवांच्या पत्नी, आणि आमचं मांजर.

मी एकदा धीर करून म्हणालो, "बुवा, दया जरा आधी घेतली तर?"

"वा! दया आधी घेतली तर न्याय ऐकायला थांबेल कोण?"

"पण एवढा राग..."

"अहो, परक्याचा राग येत नाही माणसाला. परक्याला माणूस नमस्कार करतो आणि पुढे जातो. एवढं ओरडतो त्याअर्थी सोडायचं नाहीये त्याला!"

आणि मग एका रविवारी ती पाच-सहा कुटुंबंही आली नाहीत. पिरंगुटच्या बाजूला एका हॉलमध्ये नवी उपासना सुरू झाली होती. तिथे ड्रम होता, पडद्यावर गाण्याचे शब्द उमटत, पंखे नव्हे, एसी होता, आणि आटोपल्यावर बिर्याणी. मंडळींचा म्होरक्या दावीद नावाचा फिटर. त्याला बुवांनी स्वतः कारखान्यात चिकटवलेलं, त्याचं लग्न लावलेलं. तोच सगळ्यांना टेम्पोत घालून घेऊन गेला, हे कळलं तेव्हा बुवांनी सतरंजी गुंडाळली आणि ते जिना चढून गेले. आमची आई घाबरली. म्हणाली, "वरडत न्हाईत रं. डाक्टरला बोलीव."

पुढचे काही रविवार बुवांनी रिकाम्या सतरंजीपुढे कीर्तन केलं. जेवण निम्म्यावर आलं. काकू सांगत, रात्री उठून बसतात, कुणाची पोरं कितवीत गेली ते आठवत राहतात. एके दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आता इथे काय काम माझं? नाताळापर्यंत वाट पाहीन. नंतर खोल्या रिकाम्या करून देतो. नगरला पुतण्या आहे." मी काहीबाही बोललो.

मध्येच दावीदच्या म्हातारीला दवाखान्यात ठेवल्याची बातमी आली. बुवा पेजेचा डबा घेऊन निघाले. खाटेपाशी दावीद उभा. बुवांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मी तुझ्याकडे आलेलो नाही. म्हातारीच्या तापाकडे आलोय," असं भिंतीला सांगितलं, म्हातारीला पेज पाजली, तिच्यासाठी प्रार्थना केली, आणि ताप उतरेपर्यंत रोज जाऊन रोज भिंतीशीच बोलले.

नाताळाच्या आधीच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आज फक्त पूर्वरंग. उत्तररंग रद्द."

"म्हणजे दया नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही! त्यांच्यातला एक जरी आला, तरी सतरंजीला पाय लावू देणार नाही!"

"मग मी कशाला बसू? माझी भाजी फोडणीला टाकायचीय," असं म्हणून काकू तरातरा माडीवर गेल्या. जिन्यावर त्यांचा राग बुवांपेक्षा जोरात वाजला.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. तसा पूर्वरंग मी पुन्हा ऐकला नाही. द्राक्षमळा मोडला, कुंपण उपटलं, हाक मारलीत तरी आता ऐकणार नाही, असं ते परमेश्वराच्या वतीने सांगत होते, आणि कपाळावरची शीर ताडताड उडत होती. तेवढ्यात कुंपणापलीकडे डोकी दिसली. चढ चढून दावीद येत होता, मागे त्याची बायको, पोरं, तापातून उठलेली म्हातारी आणि मागे बाकीचे सगळे. अंगणाच्या कडेला येऊन ते थांबले. चपला हातात घेतलेल्या, पुढे यायचा धीर नाही.

"सलाम, बुवा," दावीद खाली बघत म्हणाला. "चुकलं आमचं. आत येऊ का न्हाई, ते तुम्ही सांगा."

चिपळ्या थांबल्या. पेटीचा भाता माझ्या हातात अर्धा उघडा राहिला.

इथे मलाही जरा थांबू द्या, कारण या ठिकाणी मला नेहमीच थांबावंसं वाटतं. आता बुवा थकले आहेत. खुर्चीत बसून कीर्तन करतात. दम लागतो म्हणून पूर्वरंग लवकर आटपतात आणि दया वेळेवर सुरू होते. मंडळी शेवटपर्यंत बसतात. सगळं कसं सुरळीत झालं आहे, आणि मला ती तोफ ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. कधी कधी पेटी झाकून ठेवताना त्या सकाळचे बुवा डोळ्यांपुढे येतात, हात वर केलेले.

पडवीच्या पायरीवरून अंगणात उतरून त्यांनी मान उचलून वर पाहिलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, आभाळाकडे बघताहेत, आता शेवटचा न्याय. दावीदने डोळे मिटले. आमची आई पदर तोंडाला लावून बसली. पण बुवा आभाळाकडे बघतच नव्हते. ते माडीवरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होते, आणि सगळं गाव ऐकेल अशा आवाजात ओरडले,

"अगं, भात वाढव! सगळी आली गं, सगळी आली!"