आठ मिनिटं उलट

दहावीच्या वर्षी मी जगभरातल्या पोरांशी भांडत होते, आणि तेही शाळेच्या परवानगीने. पोलादपूरच्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या एक बाई होत्या, महाडहून रोज एसटीने यायच्या. शाळकरी मुलांच्या वादविवादाची एक स्पर्धा कॉम्प्युटरवर चालते आणि तीत कुठल्याही देशातली तीन पोरं उतरू शकतात, हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. बाईंनी वर्गात विचारलं, उलट उत्तरं कोण देतं? सगळ्या वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं. बाकीचे दोघे बाजारपेठेतले, एक डॉक्टरांचा मुलगा आणि एक औषधवाल्यांची मुलगी. दोघांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं, पण भांडायची सवय नव्हती.

स्पर्धेचा नियम असा, की विषय तासभर आधी कळतो आणि बाजू कुठली ते कॉम्प्युटर ठरवतो, नाणं उडवल्यासारखं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं याला काडीची किंमत नाही. बाजू मिळाली की आठ मिनिटं तिच्यासाठी जीव टाकायचा. ‘गृहपाठ बंद करा’ म्हणत मी केनियाच्या एका मुलीला हरवलं, आणि पुढच्या आठवड्यात ‘गृहपाठ वाढवा’ म्हणत पोलंडच्या एका मुलाला. मला हे फार आवडलं. घरी उलट बोललं की पाठीत धपाटा मिळायचा, इथे गुण मिळत होते.

आता आमच्या वाडीचं सांगते. उमरठच्या अंगाला डोंगराच्या कुशीत तीसेक घरं आहेत, आणि सगळ्यात वरचं आमचं. दोन पावसाळ्यांपूर्वी घरामागे डोंगराला भेग पडली. आधी तिच्यात माझी चप्पल गेली, मग शेजारच्या काकीच्या गोठ्याची मागची भिंत. सरकारची माणसं आली, चुन्याने खुणा मारून गेली, आणि खाली डांबरी रस्त्यालगत नवी घरं बांधून देतो म्हणाली. अट एकच, सगळ्या वाडीने मिळून ठराव द्यायचा. तो ठराव दोन वर्षं होत नव्हता. कारण आमच्याकडे सगळं गावकी ठरवते, म्हणजे वाडीची पंचायत, वाडीतून मुंबईला गेलेल्यांच्या मुंबई मंडळाला विचारल्याशिवाय गावकीचं पान हलत नाही, आणि मंडळातल्या मंडळींना वाडी जिथल्या तिथे हवी होती. ती गणपतीला आणि शिमग्याला येतात, चार दिवस राहतात, देवळापुढे फोटो काढतात आणि जातात. भेग आमच्या उशाशी असते.

मला खाली जायचं होतं. हे मी स्पष्ट सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कोणाला तसं वाटणार नाही. पाऊस चढला की पुस्तकं पिशवीत भरून शाळेच्या व्हरांड्यात जाऊन राहायचं, याचा मला वीट आला होता. आणि भीती वाटायची. आईलाही वाटायची. बाबा काही बोलायचे नाहीत, पण रोज सकाळी भेगेत काठी घालून बघायचे, कालच्यापेक्षा किती आत जाते ते.

तर परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये एका सामन्याला विषय आला, डोंगरउतारावरची गावं सरकारने हलवावीत की नाही. मी खुर्चीतच उडाले. आणि बाजू आली ‘हलवावीत’. आयुष्यात एकदाच लॉटरी लागली म्हणायची ती अशी. समोरची पोरं कुठल्याशा सपाट, थंड देशातली होती. त्यातला एक सोनेरी केसांचा मुलगा डोळ्यांत पाणी आणून सांगत होता, की माणसाला त्याच्या पूर्वजांच्या मातीतून उपटू नये. त्याच्यामागे भिंतीवर सायकल टांगली होती. मी त्याला विचारलं, तुझ्या खोलीच्या मागची भिंत रात्रीतून चार बोटं पुढे आली तर सायकल कुठे टांगशील? परीक्षक हसले. आम्ही जिंकलो, आणि उपांत्य फेरीत गेलो.

बाईंना आनंद आवरेना. त्यांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो वाडीच्या ग्रुपवर गेला, आणि तिथून मुंबई मंडळाकडे. मंडळाच्या सेक्रेटरींचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकतो, त्याने घरच्यांना मराठीत समजावून दिलं. मेच्या पहिल्या रविवारी गावकी बसली.

देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. मुंबई मंडळ फोनवर होतं आणि फोन तांब्याच्या कळशीला टेकवून ठेवला होता. मधूनमधून फोन घसरायचा आणि मंडळ आढ्याकडे बघत बोलायचं. बाई खास महाडहून आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. त्या उभ्या राहून म्हणाल्या, “हे तिचं मत नव्हतं. बाजू चिठ्ठी टाकल्यासारखी ठरते. ती कोणालाही कुठलीही येऊ शकते.”

गावकीचे अध्यक्ष आमच्या वाडीतले सगळ्यात जुने गृहस्थ. त्यांनी जरा विचार केला. “म्हंजे कौल लावला,” ते म्हणाले.

आमच्याकडे अडीनडीला देवीच्या अंगावर फुलं लावून कौल मागतात, आणि एकदा कौल मिळाला की त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. कौल जर ‘गाव हलवा’ असा आला असेल, तर उद्याच भांडीकुंडी बांधायला हवी. कळशीवरून सेक्रेटरी ओरडले, “हॅलो, एक मिनिट, वो कौल किसने लगाया, ते आधी क्लिअर करा.”

बाई म्हणाल्या, “कॉम्प्युटरनी.”

अर्धा तास यावर चर्चा झाली. कॉम्प्युटर कुठे असतो, तो सोवळ्यात असतो का, त्याला कोणी गाऱ्हाणं घातलं होतं का. मी तोंडात ओढणी कोंबून बसले होते. शेवटी ठरलं, की तो काही देवीचा कौल नाही, म्हणजे पोरगी बोलली ती तिच्याच तोंडाने बोलली. आणि गावाविरुद्ध बोललं तर आमच्या गावकीत माफी मागून सुटका नसते. देवीपुढे नारळ ठेवायचा आणि जे बोललात त्याच्या बरोब्बर उलट, सगळ्यांसमोर, उभ्याने बोलायचं. जेवढं बोललात तेवढंच. पूर्वी बांधावरून कोणी कोणाला एक शिवी दिली तर एक वाक्य चांगलं बोलून भागायचं. माझी आठ मिनिटं होती.

“आन् नाय बोलली तर?” आईने विचारलं.

“तर काय नाय,” अध्यक्ष म्हणाले. “वाळीत टाकनं आता गुन्हा हाय, आमी काय टाकत नाय. फकस्त तुमच्याकडं कोन येनार नाय.”

पुढच्या रविवारची तारीख दिली. त्याच बैठकीत घरांच्या ठरावावर हातही वर करायचे होते, कारण सरकारी कागदाची मुदत संपत आली होती. आठवडाभर मी एकच बेत केला. वाईट बोलायचं. इतकं पुटपुटायचं, इतकं रटाळ बोलायचं, की वाडीत राहावं असं ऐकणाऱ्या कुत्र्यालाही वाटू नये. बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “शहाणी आहेस.” काकीलाही सांगितलं. गोठा पडल्यापासून ठरावासाठी घरोघर फिरणारी वाडीत ती एकटीच होती, आणि पाचसहा घरं तिने वळवलीही होती. ती म्हणाली, “तू नुसती उबी ऱ्हा गो. पुढचं मी बगते.”

रविवारी नारळ ठेवला. अध्यक्षांनी नातवाचा फोन हातात घेतला, त्यावर आठ मिनिटं लावली, आणि मी सुरू केलं. पहिली दोन मिनिटं बेत उत्तम चालला. मी पायाकडे बघत होते. दोन म्हातारे पेंगायला लागले. मग कळशीवरून सेक्रेटरी म्हणाले, “आवाज नाय येत. वर्ल्डमधे बोलते म्हणे, हिला तर मराठीपण बोलता येत नाय.”

आता खरं सांगते, माझं डोकं सटकलं. मी मान वर केली आणि आवाज लावला. त्या सोनेरी केसांच्या मुलाचा सगळा माल मला पाठ होता, त्याला फक्त आमच्या मातीत लावायचं होतं. देवी कुठे बसली आहे आणि ती का उठणार नाही. पाणी कुठल्या झऱ्याचं गोड लागतं. खाली सरकार देणार त्या दीड गुंठ्यात गुरं कुठे बांधाल, भाताची उडवी कुठे रचाल. आंबा लावला कोणी आणि खाणार कोण. आयुष्यात पहिल्यांदाच मी मराठीत भाषण ठोकत होते, आणि शब्द असे येत होते की माझं मलाच बरं वाटत होतं. पेंगणारे जागे झाले. बायका पदराने डोळे टिपायला लागल्या. मला थांबायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तेवढ्यात काकी उठली. तिला वाटलं मी भरकटले आहे आणि आता सावरायला हवं. “सगलं खरं,” ती म्हणाली, “पन डोंगर आला खाली तर पोरांचं काय?”

स्पर्धेत समोरचा मध्येच उठून प्रश्न विचारतो आणि तुम्ही तो तिथल्या तिथे मोडायचा असतो. वर्षभर मी तेच शिकले होते. मी काकीकडे वळले आणि म्हटलं, हायवेवर ट्रकखाली गेली ती पोरं कुठल्या डोंगराखाली होती? खाली पूर येतो तेव्हा महाडची माणसं कुठे पळतात, वरच ना? आणि काकी, गोठ्याची भिंत पडली ती डोंगराने की तुम्ही पाया कच्चा घातला म्हणून? सगळा सभामंडप हसला. काकी खाली बसली. तिचं तोंड मी अजून विसरले नाही. अध्यक्षांच्या हातातला फोन वाजला, पण त्यांनी तो दाबून बंद केला आणि मला म्हणाले, “बोल गो बाय, बोल.”

मी तेरा मिनिटं बोलले. मग हात वर झाले. काकीने वळवलेली घरंसुद्धा ‘इथेच राहू’कडे गेली. खाली जायचं म्हणून काकीचा एकटीचा हात वर होता, थोडा वेळ. मुंबई मंडळाने टाळ्या वाजवल्या, त्या कळशीत घुमल्या. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या एसटी गाठायला निघून गेल्या. उपांत्य फेरीला मी गेलेच नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

घरी चढताना बाबा पुढे चालत होते. अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर त्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या. भेग पहिल्या वर्षी किती होती, आता किती आहे, आणि शेवटी, माझं म्हणणं आपण खाली जावं. बाबा कधी गावकीत तोंड उघडत नाहीत. हे वाचून दाखवायला ते आज उठणार होते.

“मग उठला का नाही?” मी विचारलं.

“तुजं आयकलं. मला पटलं.”

मी रडायलाच लागले. म्हटलं, बाबा, ते खरं नव्हतं, ती नुसती बाजू होती, दिली म्हणून बोलले. मला खाली जायचंय. पहिल्यापासून जायचंय.

बाबा रागावले नव्हते, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

“मंग ही बाजू तू कदी बोलनार व्हतीस?” त्यांनी विचारलं.

कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवला आणि ते चालायला लागले. यंदा त्यांची काठी भेगेत मुठीपर्यंत जाते.