कोण कोणाच्या जिवावर

सरांनी फळ्यावर लिहिलं, लिव्ह ऑफ. अर्थ सांगितला, दुसऱ्याच्या जिवावर जगणं. मग उदाहरण म्हणून मला उभं केलं.

"बोल, आय लिव्ह ऑफ द गव्हर्नमेंट. काऊन, स्कॉलरशिप घेतेस ना?"

अकरावीचा वर्ग हसला. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली त्या वर्गात मी एकटीच. मी म्हटलं. "मोठ्यानं," सर म्हणाले. पुन्हा म्हटलं. माझ्याच तोंडानं. त्याची लाज अजून जात नाही.

"आणखी एकदा."

तोंड उघडलं आणि आईचे पाय डोळ्यांपुढे आले. नागभीडजवळ सरांची धानाची शेती. रोवणीचा महिनाभर आई त्यांच्याच बांधीतल्या चिखलात वाकलेली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. घरी आली की मेंदीचा पाला वाटून लावायची, कळ आली की भिंतीकडे तोंड करायची. सर त्या चिखलात कधी उतरले नाहीत.

मीही इंग्रजीतच म्हटलं, "सर लिव्ह्ज ऑफ माय मदर."

सरांनी मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी आईला बांधावरूनच परत पाठवलं. पोरीनं माफी मागितली तरच काम. आई मला घेऊन त्यांच्या अंगणात गेली.

"लेकरू हाये सर, चुकलं," म्हणत तिनं हात जोडले. कमरेत वाकली. वर्गात मला रडू आलं नव्हतं, तिथं फुटलं.

"तू बी म्हण ना माय," ती म्हणाली.

मी तिचे जोडलेले हात सोडवले. "आई, मी चुकली नाई. चाल घरी."

वाटेत ती एवढंच बोलली, "आता रोवणीले कुठी जाऊ?"

त्या वर्षी ती टेम्पोत उभी राहून दूरच्या गावांना रोवणीला गेली. वाक्य माझं, भोगलं तिनं. कोणी मला धीट म्हटलं की म्हणूनच चीड येते.

आज मी मुलचेऱ्याकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आई गेली. तुला माझा राग आला होता का, हे विचारायचं राहूनच गेलं. राग आला असेल, तर तो मला कबूल आहे. माफी तेव्हा मागितली नाही, आजही मागणार नाही. आणि माझ्या वर्गातल्या एकाही लेकराच्या आईला कोणाच्या अंगणात वाकू देणार नाही.