नरकाचा धडा

बेकरीत कामाला असलेल्या त्या बाईंना सगळा रस्ता भट्टीबाई म्हणायचा. उंची कमी, दंड मात्र पैलवानासारखे आणि कपाळावरचे केस कायम थोडे होरपळलेले. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पाव भट्टीत नेमका हवा तिथे सरकवायचा आणि नुसता रंग बघून बाहेर ओढायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई लवकर गेली, धाकट्या भावाला वाढवता वाढवता वय निघून गेलं आणि लग्न राहिलं ते राहिलंच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला आहे की एक नवरा. तापट आहे, रोज लाकडं खातो."

रविवारी सकाळी मात्र त्या पांढरी साडी नेसून चर्चच्या बाजूच्या खोलीत मुलांचा वर्ग घ्यायच्या. बुटके बाक, एक फळा आणि सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी, एवढाच त्या खोलीचा थाट. मुलांना भट्टीबाई आवडायच्या, कारण त्या गोष्ट रंगवून सांगायच्या. त्यातही नरकाचा धडा असला की मुलं धक्काबुक्की करून पुढचा बाक पकडायची. त्या दिवशी बाई बेकरीतून कोळशासारखा जळालेला एक पाव रुमालात गुंडाळून आणायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि आवाज खाली आणायच्या. "हा भट्टीत राहून गेला. पण याचं नशीब चांगलं, एकदाच जळला. तिथे जळणारा जळून संपतच नाही." मुलं किंचाळायची, एकमेकांना चिमटे काढायची.

यात आपण काही वाईट करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या आईनं त्यांना असंच शिकवलं होतं. पोरांना आगीपासून लांब ठेवायचं तर आगीचा धाक हवाच, हे बेकरीत तर त्या रोजच बघत होत्या.

त्या वर्गात भावाची मुलगी बब्बीही होती. गालावर खळी, डोक्यात हजार प्रश्न. बब्बीचे दुसरे आजोबा, म्हणजे वहिनीचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. ते चर्चची पायरी कधी चढले नाहीत. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले होते, "रविवारी माझं दुकान उघडं असतं. देवाला वेळ बघायची असेल तर येईल तो." भट्टीबाईंना ते बोलणं फार लागलं होतं. माणूस प्रेमळ असेल, पण देवाची थट्टा करणाऱ्याची जागा आगीतच, असं त्यांनी तेव्हाच मनाशी पक्कं करून टाकलं.

एका दुपारी आजोबा दुकानातच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भट्टीबाई धावत गेल्या. वहिनीच्या शेजारी बसून तिची पाठ चोळली, आल्यागेल्याला पाणी दिलं, सगळ्यांचं जेवणखाण बघितलं.

त्यानंतरच्या रविवारी वर्गात बब्बीनं हात वर केला.

"आत्या, आजोबा कधीच प्रार्थनेला येत नव्हते. मग ते कुठे गेले?"

भट्टीबाईंना काहीही म्हणता आलं असतं. घरी बोलू म्हणता आलं असतं, जवळ घेता आलं असतं. पण सगळा वर्ग बघत होता आणि शिकवणाऱ्याची सवय वाईट असते.

"आपण काय शिकलोय?" त्यांनी विचारलं.

बब्बी उभी राहिली. हात मागे बांधले आणि कविता म्हणावी तसं म्हणाली, "जो विश्वास ठेवत नाही तो भट्टीत जातो, आणि ती भट्टी कधीच विझत नाही."

"शाबास," भट्टीबाई म्हणाल्या. "बस खाली."

शाळा सुटली की आई घ्यायला येईपर्यंत बब्बी बेकरीत थांबायची. त्याच आठवड्यातली गोष्ट. भट्टीबाई मैद्याचं पोतं उतरवून घेत होत्या. ओरडण्याचा आवाज आला नाही. आला तो वास, आणि तो पावाचा नव्हता. त्या गर्रकन वळल्या. बब्बी भट्टीच्या लोखंडी दारावर तळहात टेकवून उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाताखाली.

त्यांनी तिला खसकन ओढलं, नळाखाली हात धरला. पोरगी आता रडायला लागली.

"का गं केलंस असं? का?"

"सराव करत होते," हुंदक्यांतून बब्बी म्हणाली.

"कसला सराव?"

"आजोबा तिथे एकटेच आहेत ना. मी पण जाणार त्यांच्याकडे. पण आधी सवय व्हायला हवी."

नळ चालूच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मलम लावून पट्टी बांधली. खूण राहील, पण हात कामातून जाणार नाही, असं सांगितलं. भाऊ आणि वहिनी धापा टाकत आले. बाहेरच्या बाकावर आईच्या मांडीत बसून बब्बीनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "मी बरोबर उत्तर दिलं. आत्या शाबास म्हणाली," हेही सांगितलं.

वहिनीनं आरडाओरडा केला असता तर भट्टीबाईंना सोपं गेलं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाबा गेले त्या दिवशी तुम्ही माझी पाठ चोळत होतात. तेव्हाही तुमच्या मनात हेच चाललं होतं?"

तेव्हा भट्टीबाईंच्या मनात खरंच हेच चाललं होतं. वहिनी रडत होती आणि आपण तिच्या वडिलांना केव्हाच आगीत टाकून मोकळ्या झालो होतो. पाठीवर फिरणारा हात आणि डोक्यातला विचार, दोन्ही आपलेच. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्यांना त्या बाकावर कळलं.

"थोडे दिवस घरी येऊ नकोस, ताई," भाऊ म्हणाला. ज्याच्या शेंबड्या नाकापासून मिसरुडापर्यंत सगळं त्यांनी केलं, तो भाऊ. बोलताना त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर बेकरीत त्यांचा हात चालेना. भट्टीचं दार उघडलं की तो छोटा तळहात दिसायचा. एक अख्खा घाणा करपला, मालकानं स्वतःच तो उचलून टाकला, त्यानंच जास्त शरम वाटली. शेवटी एका दुपारी त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. साहेब गीतांच्या फाटक्या पुस्तकांना डिंक लावत बसले होते.

"साहेब, मला एकच सांगा. बायबलमध्ये ते आहे की नाही? कधीच न संपणारं जळणं?"

साहेबांनी ब्रश खाली ठेवला. सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाले, "'सार्वकालिक शिक्षा' हे शब्द आहेत. खोटं कशाला बोलू? अग्नीचं सरोवर आहे, मेल्यावर आगीत तहानेनं तळमळणारा श्रीमंत माणूस आहे. पण पापाचं फळ मरण, असंही त्यातच आहे. मेलेल्यांना काही कळत नाही, असंही आहे. दुष्ट लोक भुशासारखे जळून संपतील, असंही आहे. काही म्हणतात, शिक्षा सार्वकालिक म्हणजे तिचा निकाल कायमचा, यातना कायमच्या नव्हेत. काही म्हणतात, शेवटी देव सगळ्यांनाच परत घेईल. माझे वडील पाळक होते, ते न संपणारी आगच मानायचे, आणि ते काही अडाणी नव्हते."

"आणि तुम्ही?"

"मला वाटतं, मरण म्हणजे मरण. छळत बसणारा देव मला त्या पुस्तकात दिसत नाही." त्यांनी डिंकाची वाटी बाजूला सरकवली. "येशूनं नरकासाठी जो शब्द वापरला, ते मुळात एका खोऱ्याचं नाव. शहराबाहेरचं खोरं. माहितेय तिथे काय व्हायचं?"

"नाही."

"लोक देवाच्या नावानं आपली मुलं आगीत टाकायचे. आणि बायबलमधल्या एका संदेष्ट्यानं देवाचं म्हणणं सांगितलंय की असं करायला मी कधी सांगितलं नाही, असलं माझ्या मनातही कधी आलं नाही."

भट्टीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"शिकायला होतो तेव्हापासून."

"मग उपदेशात एकदाही का नाही बोललात?"

साहेबांच्या बोटांना डिंक चिकटला होता. ते तो खरवडत राहिले. "धीर झाला नाही," एवढंच म्हणाले.

रविवारी भट्टीबाई रिकाम्या हातांनी वर्गात गेल्या. बब्बीची जागा मोकळी होती.

"मुलांनो, नरकाबद्दल मी तुम्हाला जे पाठ करायला लावलं ते मला नीट माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माहीत असल्यासारखं सांगितलं. शहाणीसुरती माणसं त्यावर अजून वाद घालतात. आणि कोण कुठे गेलं हे ठरवायचं काम तर माझं नव्हतंच. माझं चुकलं."

"म्हणजे आता परीक्षेत काय लिहायचं?" पुढच्या बाकावरच्या एकानं विचारलं. कुणी हसलं नाही, त्या मात्र हसता हसता रडल्या.

गोष्ट घराघरांत गेली. चर्चच्या पंचांनी त्यांना बोलावून घेतलं. पंचांमधले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "बाई, धाकच काढून घेतलात तर मुलं येतील कशाला?"

"धाकानं येत असतील तर नाही आली तरी चालेल," भट्टीबाई म्हणाल्या. आपण असं बोलू शकतो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पाळकसाहेब टेबलाकडे बघत गप्प बसले होते. भट्टीबाईंना त्यांचा राग येईना. वर्गाची नजर टाळायला आपण काय बोलून गेलो, ते त्यांना आठवत होतं. वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला.

भट्टीबाई भावाच्या दारात गेल्या तेव्हा बब्बीच्या हाताची पट्टी निघून बरेच दिवस झाले होते. वहिनीनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"माफी मागायला आलेय. दिली नाहीस तरी चालेल," भट्टीबाई म्हणाल्या.

आईच्या कमरेआडून बब्बीचं डोकं बाहेर आलं. "आत्या, आजोबा तिथे आहेत का मग?"

भट्टीबाई उंबऱ्याबाहेरच खाली बसल्या, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशा. "नाहीत असं मला वाटतं, बाळा. पण खरं सांगू? मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

"मग देव कसा आहे ते तरी माहितेय का?"

"थोडंसं. तो तुला हात भाजून घ्यायला सांगणार नाही, एवढं नक्की."

बब्बीला हे पटलं की नाही कळलं नाही. ती आत पळाली. वहिनी तशीच उभी होती.

"तुम्हाला माझ्या बाबांबद्दल काय माहीत होतं, ताई?" तिनं विचारलं.

भट्टीबाई आठवू लागल्या. ते एक थट्टेचं वाक्य सोडलं तर काहीच हाताला लागेना. इतक्या वर्षांत त्यांनी त्या माणसाला, कसे आहात, याच्या पलीकडे काही विचारलं नव्हतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तू सांगशील?"

वहिनी दाराला टेकून, भट्टीबाईंपासून जरा अंतर ठेवून, उंबऱ्यावर बसली. "त्यांना पोहता यायचं नाही," ती म्हणाली, "तरी मी लहान असताना एकदा विहिरीत पडले तर त्यांनी मागे उडी टाकली. दोघांनाही लोकांनीच वर काढलं. नंतर जन्मभर त्यावरून त्यांना चिडवायचे सगळे." ती सांगत राहिली. भट्टीबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.